पद्मिनीची चाल सुधारताना

गतिरोधकावरून पुढची चाके अलगद उतरतात, मागोमाग मागची उतरतात आणि डिकीखालून ‘खडाक्’ असा आवाज येतो. मागे बसलेले पाहुणे एकमेकांकडे बघतात. मालक आरशात न बघताच म्हणतो, ‘‘पाटे करायला झालेत.’’ प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या घरांत हा प्रसंग नेहमीचा. खरी गंमत त्यानंतर होते. गाडी गॅरेजला जाते, मागे एक जादा पाटा चढतो, पुढे कडक स्प्रिंग बसतात, कुठल्याशा नव्या गाडीचे गॅसचे शॉकअप जुळवून घातले जातात. बिल मोठे होते आणि महिन्याभरात लक्षात येते, की गाडी आता पूर्वीपेक्षा जास्त आदळते आहे. शिवाय ‘खडाक्’ आहे तिथेच आहे, कारण तो आवाज मुळात झिजलेल्या शॅकल बुशचा होता.

जुन्या गाडीचे सस्पेन्शन सुधारायला निघालेल्यांपैकी बहुतेकांची चूक अशी क्रमाची असते. वस्तू चांगल्या आणलेल्या असतात, पण ज्या आधी बदलायच्या त्या राहून जातात.

मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयाची २० वर्षे पूर्ण करून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या पद्मिनी बव्हंशी घरच्या, हौसेने सांभाळलेल्या. गाडीचा मूळ आराखडा इटलीतला. दांते जियाकोसा यांच्या हाताखाली तयार झालेली फियाट ११००/१०३ ही १९५३ साली आली. तिचे भारतातले पहिले रूप जुन्या मुंबईकरांना ‘डुक्कर फियाट’ म्हणून आठवते. पुढची ११०० डी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४पासून ‘डिलाइट’ या नावाने निघू लागली आणि १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. नाव बदलले, जाळी बदलली, दिवे बदलले, पण खालची मांडणी तीच राहिली. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र विशबोन, गुंडाळीचे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार. मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. चारही कोपऱ्यांत दुर्बिणीच्या नळीसारखे आत-बाहेर होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजमध्ये सगळे शॉकअपच म्हणतात. त्या काळच्या लहान गाडीसाठी ही मांडणी चांगलीच होती आणि धडधाकट असेल तर आजही चांगली आहे. म्हणून सुधारणेची पहिली पायरी म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या अवस्थेला आणणे. अनेकांना तेवढ्यावरच थांबावेसे वाटते, आणि ते शहाणपणाचे आहे.

सुरुवात खरेदीने करू नये, स्क्रूड्रायव्हरने करावी. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल थेट त्या पत्र्यात बसवलेले आहेत. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा हाच भाग आधी कुजतो, आणि वरून मारलेल्या जाड काळ्या अंडरकोटिंगमुळे तो दिसतही नाही. गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर नीट टेकवावी (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही) आणि हँगरच्या भोवतालचा पत्रा टोकाने दाबून पाहावा. टोक आत गेले किंवा पापुद्रे सुटले, तर सस्पेन्शनचे पैसे आधी पत्रेकामाला लागणार हे मनाशी धरून चालावे. कुजलेल्या पत्र्यावर कडक पाटे बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला झोपाळा टांगणे.

त्यानंतर किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्याच्याभोवती वळते तो खिळा. पुढून येणारी खडखड आणि स्टिअरिंगमधला हलका थरथराट यांचा दोष शॉकअपवर टाकण्याची पद्धत आहे, पण गुन्हेगार बहुधा हा असतो. चाक उचलून वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन नाहीतर आर्मच्या बुशचा. या चाचणीला पैसे लागत नाहीत, आणि तरी ती फार थोड्या ठिकाणी केली जाते. किंगपिनला ग्रीस मारायची निपल असते. ती वर्षानुवर्षे रंगाखाली बुजून गेली असेल, तर बाकीची तपासणी न करताही निम्मे निदान झाले म्हणायचे.

आता मोजमाप. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरमधली हवा सारखी करावी, डिकी रिकामी करावी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज त्यात मिसळते. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर फरक असेल तर एका बाजूचा पाटा किंवा स्प्रिंग बसली आहे. बहुतेकदा उजवी, इतकी वर्षे चालक त्याच बाजूला बसत आला आहे. हे आकडे पुढे सोन्याचे ठरतात. बदल केल्यावर गाडी ‘उंच झाल्यासारखी वाटते’ आणि ‘१४ मिलिमीटर उंच झाली’ या दोन वाक्यांत मिस्त्रीशी होणाऱ्या अख्ख्या भांडणाचे अंतर आहे.

पहिला खर्च बुशांवर करावा. रबर हा सस्पेन्शनमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. तीस वर्षांचे रबर उन्हाने कडक होते, तेलाने फुगते, मधून फाटते, आणि मग आर्म व पाटे आपापल्या मर्जीने सरकू लागतात. नवे बुश बसवताना एक चूक घराघरांत होते, ती इथे जरा जवळून पाहायला हवी.

गाडी घोड्यांवर आहे, चाके लोंबकळत आहेत. मिस्त्री नवा बुश आर्ममध्ये दाबतो, बोल्ट घालतो आणि तिथल्या तिथे पाना लावून करकचून आवळतो. काम झाले. आता गाडी खाली उतरते, वजन येते, आर्म वर फिरतो. पण रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट पकडलेली असते आणि बाहेरची आर्ममध्ये. त्यामुळे मधले रबर पिळले जाते, गाडी नुसती उभी असतानासुद्धा. ते दिवसरात्र पिळलेलेच राहते आणि काही महिन्यांत फाटते. मालक म्हणतो, हल्लीचा मालच खराब. खरे तर बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून सोडायची आणि मग खाली शिरून शेवटचे आवळायचे. काम अडचणीचे आहे, पाठ दुखते, म्हणून टाळले जाते. खड्डा किंवा रॅम्प असलेले गॅरेज शोधण्याचे हे एक खरे कारण आहे.

पॉलियुरेथेनच्या बुशांची हल्ली चलती आहे. ते रबरापेक्षा टिकाऊ, तेलाला दाद न देणारे आणि घट्ट. गाडी वळणावर नेमकी चालते हे खरे, पण रस्त्याचा प्रत्येक दाणाही ते आत पोचवतात, आणि त्यांच्यासोबत येणारे खास ग्रीस नीट लावले नाही तर पलंगासारखे कुरकुरतात. मजेने घाटात चालवायच्या गाडीला अँटी-रोल बारच्या जागी ते शोभतात. आजीला देवळात नेणाऱ्या पद्मिनीला चारी बाजूंनी रबरच बरे.

शॉकअपकडे वळण्याआधी त्याचे नेमके काम काय, हे ध्यानात घेतले तर पुढचे पैसे वाचतात. वजन पेलते ते स्प्रिंग आणि पाटे. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यानंतर स्प्रिंग वरखाली नाचते, तो नाच थांबवणे हे त्याचे काम. म्हणून बसलेली गाडी नवे शॉकअप घालून वर येत नाही, आणि झुलणारी गाडी जादा पाटा घालून थांबत नाही. कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी सर्वांना माहीत आहे: गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप गेला. पुढच्या चाकांना ही चाचणी चालते. मागे मात्र ती फसवते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच हेलकावा थांबतो, त्यात गंज असेल तर पाहायलाच नको. शॉकअप पार निकामी असला तरी गाडी शहाण्यासारखी थांबते. तेव्हा मागचा शॉकअप सोडवून हातात घ्यावा आणि सरळ उभा धरून ओढून-दाबून पाहावा. मध्येच हात मोकळा पडत असेल किंवा नळीवर तेलाचा ओलावा असेल तर तो बदलायचाच, आणि बदलायचा तो जोडीने.

मूळ मापाचा शॉकअप मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा जुळवणे ही आपल्याकडची रीतच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे काहीही जुळवून मिळते, इतके की जुळवून घेणाऱ्यानेच शुद्धीवर राहावे. तीन गोष्टी पाहाव्यात. पूर्ण उघडल्यावरची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी, आणि दोन्ही टोकांची बसवण्याची पद्धत. दाबल्यावरची लांबी जास्त असेल तर खड्ड्यात चाक वर जाताना रबरी बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला टेकतो आणि त्याचा दट्ट्या किंवा बॉडीवरची पकड तुटते. उघडल्यावरची लांबी कमी असेल तर चाक खाली लोंबताना सगळे वजन शॉकअपला लटकते. चौथी गोष्ट दुकानात मोजता येत नाही, ती म्हणजे कडकपणा. पद्मिनीचे वजन ९०० किलोच्या आसपास. दीड टनाच्या गाडीसाठी बनवलेला शॉकअप तिथे घातला तर तो चाकाला खड्ड्यातून वर येऊच देत नाही, आणि गाडी सायकलच्या कॅरिअरवर बसल्यासारखी हादरते. गॅस भरलेल्या शॉकअपचा खरा फायदा असा, की सलग खड्ड्यांत आतल्या तेलाला फेस येत नाही आणि घाट संपेपर्यंत त्याचा जोर कायम राहतो. मात्र त्यातला दाब दांडीला बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गाडी किंचित उचलली जाते. वहीतले आकडे इथे कामी येतात.

स्प्रिंग आणि पाटे यांना हात लावायचा तो यानंतर, आणि तोही जपून. इथे लहानसा बदल मोठा परिणाम करतो. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १२ मिलिमीटरची होती आणि नवी १३ची घेतली, वेढे तेवढेच, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्क्यांनी कडक झाली. डोळ्यांना फरक कळणार नाही, कमरेला कळेल. गाडी खाली बसवण्यासाठी वेढा कापण्याची टूम जुनीच आहे. काम करणाऱ्या आठ वेढ्यांतला एक गेला तर उरलेली स्प्रिंग १४ टक्क्यांनी कडक होते. गॅस कटरने कापली तर आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि कापलेले टोक बैठकीवर नीट टेकतही नाही. आपल्या रस्त्यांवर जुनी गाडी खाली बसवण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी आधी आपल्या सोसायटीच्या गेटसमोरचा गतिरोधक मोजून घ्यावा.

किती मऊ म्हणजे मऊ, याचा एक सोपा हिशेब आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, त्यावर तिचा डोलण्याचा वेग ठरतो. ती चाकाजवळ २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एकदा डोलते, ११ सेंटिमीटर दबली तर दीड वेळा, आणि ६ सेंटिमीटरच दबली तर दोन वेळा. सेकंदाला एक ते दीड ही आरामदायी सलून गाडीची चाल. दोनच्या पुढे गेले की स्पर्धेच्या गाडीची सुरुवात होते, आणि पद्मिनीच्या चार दरवाजांतून कोणी स्पर्धेला जात नाही.

पाट्यांचे गणित याच जातीचे. पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला की कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. पण पाट्याची जाडी ६ ऐवजी ७ मिलिमीटर झाली तर तो पाटा ५९ टक्क्यांनी कडक होतो, कारण इथे हिशेब घनाचा आहे. जुनी टॅक्सी किंवा सीएनजीवर चाललेली गाडी विकत घेतली असेल तर मागचे पाटे आवर्जून मोजावेत. डिकीतल्या टाकीच्या आणि सामानाच्या वजनासाठी एखादा पाटा वाढवलेला असू शकतो. पुढे टाकी काढली, वजन गेले, पाटा राहिला. अशा गाडीचा मागचा भाग रिकाम्या ट्रकसारखा उडतो, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे काहीही न आणता एक पाटा काढून ठेवणे. सुधारणा स्वस्तात पडण्याची ही एक दुर्मीळ संधी.

बसलेले पाटे पाटेवाल्याकडे नेऊन कमान देऊन घेता येतात. तिथे उभे राहून पाहावे. लालभडक तापवून ठोकलेला आणि हवेत तसाच टाकून दिलेला पाटा दिसायला सुरेख वळतो, पण पुन्हा नीट पाणी दिले नाही तर दोन महिन्यांत सपाट होतो. थंडच ठोकून कमान देणारा कारागीर मिळाला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. पाटे उघडलेच आहेत तर गंज घासून काढावा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावावे. एवढ्यानेच लहान खड्ड्यांवरची चाल इतकी मऊ होते की पुढचा बेत रद्द व्हावा. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट मात्र नवेच घालावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितका ताण धरत नाही.

जाड अँटी-रोल बार हा हौशी मंडळींचा आवडता विषय. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने खोपोलीहून घाट चढताना गाडी कमी कलते, हे खरेच सुख आहे. पण इथेही चौथा घात आहे: १६ मिलिमीटरच्या जागी १८चा बार म्हणजे ६० टक्के जास्त जोर. फक्त पुढचा बार जाड केला तर गाडी वळणात बाहेरच्या अंगाला सरकू पाहते, आणि एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. खड्ड्यांच्या शहरात हा सौदा महागाचा. घाट वर्षातून चारदा आणि खड्डे रोज.

टायरचा उल्लेख सस्पेन्शनच्या लेखात उशिरा येतो, पण परिणामाने तो पहिल्या दोनांत बसतो. मूळ गाडी ५.२०-१४ मापाच्या क्रॉसप्लाय टायरवर चालत असे. रेडियल घातले की पकड वाढते, रेषा सुधारते, आणि कमी वेगात स्टिअरिंग थोडे जड होते. एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि क्रॉसप्लाय मिसळू नयेत. फार रुंद टायर तर नकोच. तो वळताना मडगार्डला घासतो, आणि किंगपिन व बेअरिंगवर जो भार टाकतो तो पुढच्या दिवाळीपर्यंत दिसत नाही, एवढेच.

हे सगळे पद्मिनीचे झाले. शेजारच्या गाडीला ते जसेच्या तसे लावू नये. मॉरिस मायनरच्या पुढच्या बाजूला गुंडाळीची स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार आहे, आणि तिथला लिव्हरचा शॉकअप हाच वरचा आर्म. तो काढून नळीचा शॉकअप लावायचा तर आर्मची वेगळी सोय करावी लागते. जुन्या बीटलच्या मागे स्विंग अ‍ॅक्सल असते. तिथे उंची बदलली की चाकाचा कलही बदलतो आणि वळणात गाडी दगा देऊ शकते. विलीज जीपला चारी बाजूंनी पाटे. आणि सित्रोएन डीएससारखी १९५५ सालची तेला-वायूवर तरंगणारी गाडी नशिबाने दारात असेल तर सुधारणा हा शब्दच विसरावा. तिचे गोळे, नळ्या आणि योग्य तेल एवढे सांभाळले तरी पुष्कळ.

कागदपत्रांचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि वापर प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरता. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. म्हणून कापाकापी आणि वेल्डिंग करून नवे माउंटिंग उभे करणारा बदल टाळलेला बरा. बोल्टने बसतो आणि बोल्टनेच निघतो, असा बदल मालकाला पुढे मोकळा ठेवतो. विंटेजच्या रांगेत न बसणाऱ्या गाडीच्या नोंदणीपुस्तकातला तपशील बदलणारा फेरफारही परवानगीशिवाय करता येत नाही.

क्रम ठरला, सामान आले, तरी एका वेळी एकच बदल करावा. बुश झाले की आठवडाभर गाडी त्याच नेहमीच्या रस्त्याने चालवावी, त्याच गतिरोधकावरून, तेवढ्याच माणसांना घेऊन. मग शॉकअप, मग पाटे. सगळे एकदम बदलले तर कशाने बरे झाले आणि कशाने बिघडले, हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही, आणि तो कबूलही करत नाही. व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी, उंची कायम झाल्यावर. आधी करून घेतलेले अलाइनमेंट नवे पाटे बसले की वाया जाते.

नवे पाटे पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. साधारण ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यावी, यू-बोल्ट आवळावेत, बुशांचे बोल्ट पाहावेत, चारही कोपऱ्यांतली उंची मोजून वहीतल्या पहिल्या पानाशेजारी लिहावी. काढलेले मूळ स्प्रिंग, जादा पाटा आणि शॉकअप भंगारवाल्याला देऊ नयेत. त्यांना तेलाचा हात फिरवावा, डावे-उजवे लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधावी आणि माळ्यावर ठेवावे. घरातल्यांनी विचारले, तर तो गाडीचाच भाग आहे असे सांगावे.